रेघेपर्यंत गोडं पाणी

पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. समुद्रातला जीव काचेत सांभाळणाऱ्यानं एवढी एक गोष्ट रोज लक्षात ठेवायची असते. पाण्यावरून दिवसभर वाफ उठते ती गोडी असते, मिठाचा कणही सोबत नेत नाही. पंख्याच्या वाऱ्यानं, दिव्याच्या उबेनं पेटीतलं पाणी रोज नखभर खाली जातं आणि उरलेलं रोज थोडं अधिक खारट होतं. नवख्या माणसाला वाटतं, समुद्राचं पाणी कमी झालंय तर समुद्राचंच पाणी घालू. तिथेच फसगत होते. गेलं ते गोडं, म्हणून घालायचं तेही गोडं, आणि जितकं गेलं तितकंच. त्यासाठी काचेवर बाहेरून एक रेघ मारलेली असते.

२०० लिटरची पेटी धरा. लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबानं तिच्यात ७ किलो मीठ विरघळलेलं असतं. तंजावरला अग्नी नक्षत्राचे दिवस लागले, म्हणजे मे महिना आला, की तिच्यातून दिवसाला २ लिटर पाणी सहज जातं. १० दिवस कुणी फिरकलं नाही तर पाणी उरलं १८० लिटर आणि मीठ मात्र तेच ७ किलो. ३५ चे जवळजवळ ३९ झाले. माणसाच्या जिभेला हा फरक कळेल न कळेल, पण माशाला तो अंगभर कळतो. समुद्रातला मासा पाण्यात राहून जन्मभर तहानलेला असतो. भोवतालचं मीठ त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेत असतं, म्हणून तो सतत समुद्र पितो आणि प्यायलेलं मीठ कल्ल्यांतून पुन्हा बाहेर टाकतो. झोपेतही हे चालूच असतं. काचेतल्या शांत दिसणाऱ्या माशाकडे मी पाहतो तेव्हा त्याचं हे न थांबणारं काम मला आधी आठवतं, रंग नंतर दिसतो.

याच्या नेमकं उलटं काम माझ्या जिल्ह्यात शेकडो माणसं मुद्दाम करतात. अदिरामपट्टिणमच्या मिठागरांत समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात घेत, उन्हाला गोडं पाणी उडवू देत, उरलेलं दाट करत नेतात. दाटपणा मोजायला काचेची नळी असते. ती पाण्यात सोडली की तरंगते, आणि कुठल्या आकड्यावर तरंगते ते पाहायचं. तिच्यावरच्या बोमे अंशांत साधं समुद्राचं पाणी साडेतीनच्या आसपास असतं. पाणी आटत गेलं की आधी जिप्सम तळाला बसतं आणि पंचविशीला पोचलं की मिठाचे दाणे धरू लागतात. माझ्या घरीही तशीच नळी आहे. तिच्यावर आकडे निराळे, पण तत्त्व तेच. मिठागरातला माणूस आकडा चढण्याची वाट पाहतो, मी तो जागचा हलू नये म्हणून धडपडतो. दोघंही एकाच सूर्याच्या हाताखाली काम करतो. आणि त्या मिठागरांच्या पलीकडे, मुत्तुपेट्टैच्या खाजणात तिवरांची झाडं हेच गणित आपापल्या पानांत सोडवत उभी असतात. मुळांना नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर पडतं. कोरड्या दिवशी पान जिभेला लावलं तर खारट लागतं, उन्हात धरलं तर त्यावर बारीक चमक दिसते. त्यांना रेघ मारून द्यावी लागत नाही.

समुद्र घरात आणला असं म्हणणं उद्धटपणाचं होईल. तंजावर शहरापासून किनारा साठ-पासष्ट किलोमीटर, तिथून कॅनमध्ये पाणी भरून आणणारेही आहेत. पण आमच्याकडे आहे तो समुद्र पुडीतला. कोरडं मीठ आर.ओ.च्या पाण्यात विरघळवून केलेला. यात फसवणूक मात्र नाही. ‘चॅलेंजर’ जहाज १८७२ ते १८७६ जगाच्या समुद्रांतून फिरून आलं. ठिकठिकाणचे, वेगवेगळ्या खोलींचे ७७ नमुने डिटमार नावाच्या रसायनज्ञानं तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष छापला. पाणी कुठे जास्त खारट, कुठे कमी, पण मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळजवळ एकच. रत्नागिरीच्या पाण्यात मॅग्नेशियमचा सोडियमशी जो वाटा, तोच नागपट्टिणमच्या पाण्यात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. इतकं पाणी, इतक्या नद्या, इतके ज्वालामुखी, आणि मिसळण एकच! देवळात गेल्यावर हात आपसूक जोडले जावेत, तशी ही बातमी आहे. पुडीतलं मीठ पाण्यात पडून ढगाळ होतं, मग रात्रीतून निवळतं, त्या वेळी हे आठवल्याशिवाय राहत नाही.

पेटीत राहतं एक जोडपं. सेबे जातीचे क्लाऊनफिश. गडद तपकिरी अंग, दोन पांढरे पट्टे, पिवळं शेपूट. ही जात इथल्याच समुद्रातली, पण आमचे मासे समुद्रातून धरलेले नाहीत. मंडपमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्रात आणि परंगिपेट्टैच्या सागरी जीवशास्त्र केंद्रात क्लाऊनफिशची पैदास साधली गेली आणि पैदाशीचे मासे पाळणं शक्य झालं. प्रवाळ आमच्याकडे नाही, नसावंच. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेल्या, वाघाच्या पंगतीत. ते योग्यच झालं. अ‍ॅनिमोन, म्हणजे ज्याच्या विषारी बोटांत हे मासे समुद्रात घर करतात ते समुद्रफूल, तेही मी आणलेलं नाही. त्याच्या जागी कुंभाराकडचं एक मडकं आडवं ठेवलंय. काही दिवस त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका सकाळी मादी आत आणि नर दाराशी.

मादी मोठी, तीच धनीण. ती गेली तर नर स्वतः मादी होतो आणि तिची जागा घेतो. निसर्गानं या घरात पद रिकामं राहू द्यायचं नाही असं ठरवलंय. अंडी घालायच्या आधी दोघं मडक्याची एक बाजू तोंडानं चावून चावून स्वच्छ करतात. पृष्ठभागावरचं शेवाळ जातं, मातीचा तांबडा रंग उघडा पडतो. मग त्यावर नारिंगी ठिपके एकाला एक लागून चिकटतात. तिथून पुढचं काम बापाचं. छातीच्या परांनी तो अंड्यांवर पाणी वारत राहतो, म्हणजे त्यांना प्राणवायू पोचावा. मेलेलं अंडं तोंडानं उचलून बाजूला करतो, खरं तर खाऊन टाकतो. आठवडाभरात ठिपक्यांत डोळे दिसू लागतात, चंदेरी, जोडीजोडीनं. एवढ्याशा जागेत शेकडो डोळे उघडे आणि सगळे माझ्याकडे पाहताहेत, असं वाटून मी एकदा दिवा मालवला होता.

असं सगळं मागे ठेवून गावाला जायचं असतं. पुण्यात लग्न असतं, मुंबईत कुणी आजारी असतं, आणि तंजावरच्या मराठी माणसाला तीनशे-साडेतीनशे वर्षांनीही तिकडे जावं लागतंच. व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास इकडे आले. तेव्हापासून इथं रुजलेल्या घरांचं मराठी तिकडच्या लोकांना जुनं वाटतं, आमचं तमिळ इथल्यांना मऊ वाटतं, आणि आगगाडी दोन्हीकडची सारखीच उशिरा येते. मांजर शेजारी सोडता येतं, झाडांना ठिबक लावता येतं. समुद्र कुणाकडे सोपवायचा?

आमच्या शेजारच्या मामी तिरुवैयारूच्या. जन्म कावेरीच्या काठी गेला, स्वयंपाकघरात कांदा शिजत नाही. मासे सांभाळायचं त्यांना विचारताना मीच ओशाळलो होतो. त्या म्हणाल्या, जीव आहे, जात कसली. माशांच्या गोळ्यांमध्ये काय असतं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. औषधाच्या गोळ्या ठेवायचे वारांचे कप्पे असलेले डबे मिळतात, त्यात रोजचा खुराक मोजून ठेवतो आणि मोठा डबा कुलपात घालतो. हा अविश्वास मामींवर नाही, मायेवर आहे. मासे उपासानं क्वचितच मरतात. पोटभर खाल्लेला मोठा मासा काही दिवस सहज काढतो. मरतात ते दयेनं. माणूस काचेजवळ गेला की ते वर येतात, तोंड उघडतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं, बिचारे भुकेले. आणखी चिमूटभर. न खाल्लेलं तळाशी कुजतं, त्यातून अमोनिया होतो. दगडांत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांचं बळही मोजकं. ते रोज जेवढं पचवत आलेत तेवढंच पचवतील, एकदम दुप्पट वाढलं तर पाणीच विष होईल. दिसत नाहीत ते खरे पुजारी. या न दिसणाऱ्यांना नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारतं, म्हणून रेघेपर्यंत भरायचं पाणी आर.ओ.चंच आणि तेही बाटल्यांत आधी भरून, वार लिहून ठेवलेलं.

बाजारात यंत्रं आहेत. पाणी उतरलं की आपोआप भरणारा पंप, खाणं टाकणारा डबा, फोनवर तापमान दाखवणारी तार. वापरतोही मी त्यातलं काही. पण यंत्राचा स्वभाव असा की चुकलं तर ते चुकीचंच काम नेटानं करत राहतं. पाणी भरणारा पंप अडकून चालू राहिला तर रात्रीतून पेटी अळणी करून टाकेल. मामी बाटली रेघेपर्यंत ओततात, आणि मग दोन पावलं मागे सरून पाहतात. ते पाहणं कुठल्या यंत्रात घालणार?

तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर या कामाचा करारनामा कोरलेला आहे, असं मला वाटतं. राजराज चोळानं ते देऊळ १०१० साली पुरं केलं. अखंड दिवा लावायची देणगी तिथं तेला-तुपाची नसायची. एका दिव्याला ९६ मेंढ्या. त्या गुराख्याला द्यायच्या आणि त्यानं रोज एक उळक्कू तूप देवळात पोचवायचं, चंद्र-सूर्य असेतोवर. चोळांच्या शिलालेखांत अशा मेंढ्यांना न मरणाऱ्या आणि न म्हाताऱ्या होणाऱ्या म्हटलंय. मेंढी मरते, म्हातारी होते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतंच. अर्थ एवढाच की गेली त्या जागी दुसरी उभी करायची, आकडा ९६ चा ९५ होऊ द्यायचा नाही. कळपात पिलं वाढतील ती गुराख्याची. त्याच्याकडून मागणं फक्त रोजच्या त्या मापाचं. देणारा निघून गेला, राज्य गेलं, चोळांमागून पांड्य, नायक, भोसले आले. भोसल्यांनी तर १८०३ साली त्याच देवळाच्या भिंतीवर आपल्या घराण्याची मराठीत लांबलचक बखर कोरून ठेवली. तिची लांबी पाहून लोक थक्क होतात. मला त्या चार ओळींच्या तुपाच्या लेखांपाशी थांबावंसं वाटतं. दूर गेलेल्या माणसानं मागे राहिलेल्याकडून किती मागावं, याचं इतकं नेमकं माप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

काचेतला समुद्रही आरंभापासून परक्या हातांवर जगत आलाय. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ लंडनला आणले. तेव्हा हवेचे पंप नव्हते. पाणी ताजं राहावं म्हणून उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, रोज अर्धा-पाऊण तास. पुस्तकांत नाव येतं ते बाईंचं. ओतणारे हात त्यांच्या मोलकरणीचे होते. पुढे १८५४ मध्ये गॉस नावाच्या निसर्ग-अभ्यासकानं या विषयावर पुस्तक लिहिलं, चारच क्षारांपासून समुद्राचं पाणी करायची कृती सांगितली, आणि घरोघरी पेट्या आल्या. हौसेनं इंग्लंडचे खडकाळ किनारे इतके ओरबाडले गेले की गॉसच्या मुलानं १९०७ साली आठवणी लिहिताना त्या उजाड डबक्यांबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. प्रेमानंही किनारा ओसाड होतो.

पण त्याच काळात एडिनबरोत एक म्हातारी होती. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या खडकांतून एक लाल समुद्रफूल काढून आणलं आणि काचेच्या छोट्या बरणीत ठेवलं. तिच्यासाठी आणि तिच्या सोबतच्या जिवांसाठी एक हमाल आठवड्यातून तीनदा समुद्राचं पाणी घेऊन यायचा. तिला लोक ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी म्हणू लागले. १८५१ मध्ये डॅलिएल वारले, आजी जिवंत. ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. सांभाळणारे म्हातारे होत, मरत, आणि बरणी पुढच्या हातात जाई. शेवटी ती तिथल्या वनस्पती उद्यानात पोचली. तिनं शेकड्यांनी पिलं दिली आणि १८८७ साली ती गेली. खाणं काय, तर पंधरवड्याला अर्धा शिंपला. ५९ वर्षं! माणसं मोठी की ती मोठी, ठरवता येत नाही. मामींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा प्रश्न त्या हमालाबद्दल होता. त्याला पगार किती होता?

वाऱ्याचं भय मात्र कुठल्याही व्यवस्थेला असतं. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ जमिनीवर चढलं आणि पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू या पट्ट्यातून गेलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळीच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब इतके पडले की कित्येक गावं आठवडे-आठवडे अंधारात होती. त्या दिवसांत काचेतल्या दोन माशांची काळजी बोलून दाखवायची लाज वाटावी, अशीच ती वेळ होती. पण वीज गेली की पेटीत काय होतं, हे सांगायला हवं. पाणी फिरायचं थांबतं. कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी राहतो, खाऱ्यात त्याहून कमी. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. बॅटरीवरचा छोटा पंप असला तर ठीक. नसला तर माणसानं पेला घ्यायचा, बुडवायचा, वरून बारीक धारेनं ओतायचा, पुन्हा बुडवायचा. म्हणजे लंडनच्या त्या खिडकीपाशी परत. मामींनी एका लांबलेल्या वीजकपातीत हे तासभर केलं, विष्णुसहस्रनाम म्हणत. हात भरून येऊ लागला की नामाची गती वाढायची, असं त्यांनीच हसत सांगितलं.

एकदा अंडी फुटायची रात्र मी नसताना आली. क्लाऊनफिशची अंडी अंधार पडल्यावर फुटतात. पिलं पापणीच्या केसाएवढी, पारदर्शक. समुद्रात ती दहा-बारा दिवस प्रवाहाबरोबर वाहतात आणि त्यातली मोजकी वासाच्या आधारानं एखादं समुद्रफूल गाठतात. पेटीत त्यांना लागणारं सूक्ष्म खाणंच नसतं. स्वतंत्र टाकी, स्वतंत्र शेवाळ, रात्रंदिवस पहारा, असं असेल तरच ती जगतात. मामींचा सकाळी फोन आला, मडकं रिकामं आहे, पोरं कुठं गेली? मी खरं ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही बोलणं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, बाप अजून तिथंच वारा घालतोय.

त्यानंतर केव्हातरी त्यांनी आपणहून विचारलं, यांचा खरा समुद्र कसा असतो? मरीना त्यांनी पाहिला होता, रामेश्वर पाहिलं होतं. आपल्याच जिल्ह्याचा पाहिला नव्हता. पट्टुक्कोट्टैची बस धरून आम्ही निघालो. वाटेत ओरत्तनाडूला सरफोजीराजांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र लागतं. रामेश्वरच्या वाटेवरच्या या छत्रांत यात्रेकरूंना जेवण, तान्ह्या मुलांना दूध, आजाऱ्याला औषध, बाळंत होणाऱ्या बाईला आसरा मिळे. १८०१ साली इंग्रजांना लिहिलेल्या पत्रात राजानं हे सविस्तर मांडलंय, छत्रांची उत्पन्नं काढून घेऊ नका म्हणून. पुढे किनाऱ्याला मनोरा. नेपोलियन हरला म्हणून तंजावरच्या मराठी राजानं तमिळ कोळ्यांच्या शेजारी उभारलेला षट्कोनी बुरूज. इतिहास कधी कधी असा गालात हसतो.

मनोऱ्यावरून दिसणारं पाणी कोकणातल्या माणसाला समुद्र वाटायचं नाही. गाज नाही, लाट नाही. पाल्कचा हा उपसागर इतका उथळ की सरासरी खोली दहा मीटरच्या आसपास. पण मासेमारांच्या होडीतून थोडं आत गेलं आणि वारा पडलेला असला की खाली कुरण दिसतं. शेवाळ नव्हे, गवत. मुळं, पानं, फुलं असलेलं, पाण्याखाली फुलणारं आणि पाण्यातच परागण होणारं. दहाहून अधिक जातींचं. ते उन्हात हिरवं आणि ढगाखाली करडं होतं, प्रवाहाबरोबर एका अंगाला झुकतं आणि सावकाश सरळ होतं. त्यात कोळंबीची पिलं वाढतात, समुद्रघोडे शेपटीनं पात्याला धरून उभे राहतात. आणि त्यावर चरायला येते ड्युगाँग, तमिळमध्ये कडल पसु, समुद्राची गाय. एवढ्या मोठ्या देहाचा, वर येऊन हवा घेणारा, पिलाला दूध पाजणारा प्राणी केवळ गवतावर जगतो, दिवसाला ३०-४० किलो. तिच्यासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टैच्या किनाऱ्यालगतचं ४४८ चौरस किलोमीटर पाणी राखीव झालं. देशातलं असं हे पहिलंच. आम्हाला ती दिसली नाही. दिसायला हवी होती असंही वाटलं नाही. ती तिथं कुठेतरी चरत असेल, एवढ्यावर तो सगळा पसारा मोठा झाला.

या कुरणाला जिथं जाळ्यांनी खरवडून टक्कल पडलंय, तिथं बांबूच्या चौकटींना काथ्याच्या दोरीनं गवताची रोपं बांधून ती तळाशी सोडतात. बांबू आणि काथ्या पुढे कुजून जातो, मुळं तोवर धरलेली असतात. हे काम मासेमारच करतात. खाली बुडी, गाठ, पुन्हा वर. लावून झालं की निघून यायचं, रोज पाणी घालायला जायचं नाही.

होडीवाल्यानं तांडेलकी सोडून आमच्याशी गप्पा सुरू केल्या तेव्हा मामींनी ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं, आणि सांबाराची चव पाहून सांगावं तसं सांगून टाकलं, उप्पु, म्हणजे मीठ, बरोबर आहे. मग त्यांनी त्याला विचारलं, इथं गोडं पाणी कोण घालतं?

त्यानं उत्तरेकडे हात केला. आरू, नदी. ऐप्पसी-कार्तिगै महिन्यांचा पाऊस, आणि कावेरीच्या फाट्यांचं, अग्नियारूचं जे काही उरून येईल ते. मेट्टूरची दारं १२ जूनला उघडायची रीत. १९३४ ला धरण झालं तेव्हापासून डेल्टा त्या तारखेकडे डोळे लावून बसतो. वरच्या शेतांना पाणी पुरलं तर खाली येतं, नाही तर नाही. नदी आली की खाजणाच्या तोंडाशी पाणी गढूळ होतं, कोळंबी धरते. नाही आली की उन्हाळ्यात कडेचं पाणी इतकं खारं होतं की पोरांचे डोळे चुरचुरतात. रेघ बिघ काही नाही, तो म्हणाला, पण खांबावरच्या शिंपल्यांवरून कळतं.

पुढे तो कोळंबीच्या यंदाच्या भावावर आला. व्यापारी किती देतात, बर्फाला किती जातात, डिझेल कसं चढलंय. मामींना त्यात रस नव्हता. त्यांनी पदरानं हात पुसला आणि पट्टुक्कोट्टैहून तंजावरची पुढची बस किती वाजता आहे ते विचारलं, कारण सहाच्या आत घरी पोचायचं होतं. दिवा लावायचा होता, आणि गुरुवारची बाटली अजून ओतायची राहिली होती.